जुन्या पिकअपच्या केबिनचा मूळ रंग: आधी शोधायचा कसा, मग जुळवायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९५०च्या दशकातल्या एका पिकअपची केबिन उघडून दुरुस्तीचे काम चालू आहे. डॅशबोर्ड, दारांची आतली बाजू, खिडक्यांच्या चौकटी हे सगळे रंगवलेल्या पत्र्याचे असून त्यावर नंतरच्या मालकांनी निदान दोनदा रंग मारलेला आहे. ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आत किंचित हिरवट-पिवळी झाक असलेला करडा रंग मिळाला, तर मीटरचा संच काढल्यावर त्यामागच्या पत्र्यावर निळसर राखाडी रंग दिसला. ग्लव्ह बॉक्सचे झाकण रंगाच्या दुकानात नेऊन रंग मोजणाऱ्या यंत्रावर मोजून नमुना करून घेतला. तो दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळला आणि बाहेर उजेडात आणल्यावर वेगळाच दिसला. यातला खरा रंग कोणता आणि तो मिळवायचा कसा?

माझ्या अनुभवाप्रमाणे हे दोन्ही रंग एकाच डब्यातले असण्याची शक्यता मोठी आहे आणि त्यांपैकी एकही जसाच्या तसा जुळवण्याजोगा नाही. केबिनच्या कामात बहुतेकांची चूक रंग कालवताना होत नाही; ती त्याआधी, कोणत्या ठिपक्यावर विश्वास ठेवायचा हे ठरवताना होते. म्हणून उत्तराचा मोठा भाग मी तिथेच खर्च करणार आहे.

ज्या जागेला ऊन लागलेले नाही तिथला रंग मूळ रंग, असे आपण सगळेच धरून चालतो. उन्हाने रंग विटतो हे खरेच आहे, पण अंधाराने रंग पिवळा पडतो हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. त्या काळात ट्रकसाठी मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे इनॅमल अल्किड प्रकारचे होते, म्हणजे त्याच्या बंधकात (रंगद्रव्याला धरून ठेवणाऱ्या घटकात) जवसासारखी वाळणारी तेले असत. असा थर वर्षानुवर्षे बंद, अंधाऱ्या जागी राहिला, की त्यातल्या तेलाच्या अंशामुळे तो हळूहळू पिवळा होत जातो. उघड्यावर असता तर उजेडाने हा पिवळेपणा उडत राहिला असता. पांढऱ्या आणि फिकट करड्या रंगांत ही झाक सर्वांत ठळक दिसते, आणि मूळ रंगात थोडा निळा अंश असेल तर पिवळा व निळा मिळून हिरवट भास होतो. तुमच्या ग्लव्ह बॉक्सच्या झाकणावरची हिरवट झाक मला तशीच वाटते. मालक तंबाखू ओढणारा असेल तर त्यावर धुराची पिवळी साय वेगळी. ती मात्र साबणाच्या कोमट पाण्याने पुसली जाते, म्हणून कोणताही निष्कर्ष काढण्यापूर्वी तो भाग हलक्या हाताने धुऊन घ्यावा.

मीटरमागचा निळसर राखाडी रंग दुसऱ्या कारणाने फसवतो. कारखान्यात डॅशबोर्डच्या दर्शनी बाजूवर रंगाचे पूर्ण हात बसत. मागच्या बाजूला आणि भोकांच्या आत जो रंग पोहोचे तो फवाऱ्याचा उडालेला धुरळा. असा पातळ थर खालचे अस्तर, म्हणजे प्रायमर, झाकत नाही. अस्तर राखाडी असेल तर वरचा करडा रंग निळसर दिसतो, आणि अस्तर तांबूस असेल तर तोच रंग मातकट, तपकिरीकडे झुकलेला दिसतो. तिथे भिंग धरून पाहा. रंगाचे सुटे सुटे बारीक कण आणि त्यांच्यामधून डोकावणारे अस्तर दिसले, तर ती जागा छटा ठरवण्यासाठी बाद समजावी. कोणता रंग कोणावर बसला होता एवढे सांगण्यापुरतीच ती उपयोगी आहे.

हे मी पुस्तकी सांगत नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका पिकअपच्या डॅशबोर्डसाठी मी ग्लव्ह बॉक्समधला ठिपका निष्ठेने जुळवला, पूर्ण केबिन रंगवली, आणि वाहन जोडून झाल्यावर राखाडी म्हणून ओळखला जाणारा तो रंग मोहरीच्या पाण्यासारखा दिसू लागला. पुढे त्याच वाहनाच्या खिडकीच्या पट्टीखाली मूळ रंगाचा एक स्वच्छ तुकडा सापडला, तेव्हा माझा रंग किती पिवळा होता ते समजले. केबिन पुन्हा घासून पुन्हा रंगवावी लागली. तेव्हापासून एका ठिपक्यावर मी कधीही रंग ठरवत नाही.

मग पाहायचे कुठे? जिथे रंगाचे पूर्ण हात बसले, पण नंतर ऊन, हात आणि पुढचे फवारे पोहोचले नाहीत, आणि जी जागा तुम्ही आता उघडून काही दिवस उजेडात ठेवू शकता, अशा जागा हव्यात. दारावरच्या काचेच्या चौकटीची पट्टी ज्या कडेवर बसते ती कड, ॲशट्रेची चौकट, रेडिओच्या जागी लावलेल्या झाकणपट्टीखालचा पत्रा, स्टिअरिंग कॉलमला डॅशबोर्डशी बांधणाऱ्या पकडीखालचा पट्टा, सन व्हायझरच्या बैठकीखालची जागा, दाराच्या रबराखालची कड. माझी सर्वांत आवडती जागा म्हणजे मोठ्या स्क्रूच्या वॉशरखालची गोल चकती. ती नखाएवढीच असते, पण दर्शनी बाजूवरची असल्यामुळे तिथे कारखान्याचे पूर्ण हात बसलेले असतात, आणि स्क्रू कधी न उघडता वाहन दुसऱ्यांदा रंगवले गेले असेल तर पुढचा रंग वॉशरच्या कडेशीच थांबलेला स्पष्ट दिसतो. अशा निदान चार-पाच जागा शोधा, प्रत्येकीचे छायाचित्र घ्या आणि भाग सुटे करण्यापूर्वीच घ्या. दार दुसऱ्या वाहनाचे असू शकते, ग्लव्ह बॉक्सचे झाकण बदललेले असू शकते. केबिनच्या मूळ सांगाड्याला जोडलेल्या पत्र्यावरचा ठिपका आणि सुट्या भागावरचा ठिपका जुळत नसेल, तर सांगाड्याचे ऐकावे.

ठिपका सापडला, की तो भाग झाकून ठेवू नका. थेट उन्हात नको, पण खिडकीच्या भरपूर उजेडात तो आठ-दहा दिवस उघडा राहू द्या. अंधारातला पिवळेपणा बराचसा मागे फिरतो. त्याच ठिपक्याच्या अर्ध्या भागावर अपारदर्शक टेप लावून ठेवली, तर दहा दिवसांनी ती काढताच दोन अर्ध्यांतला फरक तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. फरक पडला नाही, तर ती झाक मूळ रंगाचीच असू शकते. या साध्या प्रयोगाला पैसा लागत नाही, फक्त धीर लागतो, आणि तरीही तो करणारे मला फार थोडे भेटले आहेत.

दर्शनी भागावर, जिथे नंतरचे हात चढले आहेत, तिथे थर उघडण्याची पद्धत वेगळी. चारशे नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर बोटाच्या टोकाएवढ्या लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून एकाच जागी गोल गोल घासावे, मग आठशे, पंधराशे, दोन हजार अशा नंबरांनी कडा उतरती करत न्यावी आणि शेवटी पॉलिशच्या बारीक कंपाउंडने हात फिरवावा. पत्र्यापर्यंत पोहोचल्यावर झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी वर्तुळे दिसतात: मध्ये धातू, मग अस्तर, मग कारखान्याचा रंग, मग पुढच्या मालकांचे रंग. मूळ रंगाचे वलय जितके रुंद काढता येईल तितके चांगले. अस्तराला लागून असलेला रंगच मूळ, हे मात्र डोळे झाकून धरू नका. कारखान्यात कधी कधी केबिनच्या आतही आधी बाहेरचा रंग उडालेला असे आणि त्यावर आतला रंग बसे. म्हणून दोन थर मिळाले तर बाहेरचा रंग कोणता होता हे आधी पाहावे.

थर कारखान्याचा की नंतरचा याबद्दल शंका असेल, तर न दिसणाऱ्या जागी कापसावर लॅकर थिनर घेऊन काही क्षण टेकवून पाहा. लॅकर (नुसता थिनर उडून वाळणारा रंग) लगेच विरघळून कापसावर उतरतो, जुने इनॅमल मऊ पडते किंवा सुरकुतते, आणि हार्डनर (रंग कडक करणारा घटक) घालून मारलेला अलीकडचा रंग जवळजवळ ढिम्म राहतो. हे सगळे घासकाम पाण्यानेच करावे. त्या काळच्या पिवळ्या, नारिंगी आणि हिरव्या छटांत लेड क्रोमेट हे शिशाचे रंगद्रव्य सर्रास असे, वाळवणाऱ्या घटकांतही शिसे असे. कोरडे घासून ती धूळ केबिनमध्ये उडवणे म्हणजे ती श्वासावाटे पोटात घालणे होय. योग्य फिल्टरचा मास्क लावा, गाळ पुसून वेगळ्या पिशवीत बांधा, आणि त्या कपड्यांनी घरात जाऊ नका.

आता कागदोपत्री पुराव्याकडे येतो. वाहनावरची पाटी वाचावी, पण तिच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नये. १९६७ ते १९७२ या काळातल्या शेव्हरोलेट आणि जीएमसी पिकअपच्या ग्लव्ह बॉक्सच्या झाकणात सर्व्हिस पार्ट्स आयडेंटिफिकेशन नावाचा कागद चिकटवलेला असे आणि त्यावर त्या वाहनाच्या पर्यायांचे क्रमांक व रंगाची नोंद मिळे; १९५०च्या दशकातल्या वाहनाला असे भाग्य सहसा लाभत नाही, आणि जो रंगक्रमांक मिळतो तो बहुधा बाहेरच्या रंगाचा असतो. आतला रंग बाहेरच्या रंगावर, आसनाच्या कापडावर आणि केबिन साधी आहे की वरच्या दर्जाची यावर ठरत असे, म्हणून त्या वर्षाचे विक्रीपत्रक आणि रंगपत्रिका शेजारी ठेवून पाहाव्या लागतात.

रंगपत्रिका म्हणजे पुन्हा रंगकाम करणाऱ्यांसाठी रंग-कंपन्यांनी वर्षवार काढलेले नमुन्यांचे पत्रक. डिट्झलर आणि ड्यूपाँट ही त्यातली मोठी नावे. डिट्झलर १९२८ साली पिट्सबर्ग प्लेट ग्लासने, म्हणजे आजच्या पीपीजीने विकत घेतली, आणि म्हणूनच जुना डिट्झलर क्रमांक हातात असेल तर आजही त्यावरून सूत्र शोधण्याची वाट मोकळी असते. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पत्रिकेवरचा चौकोनी तुकडासुद्धा रंगाचा थरच आहे आणि तो कित्येक दशके मिटलेल्या पत्रकात अंधारात पडलेला आहे. वर सांगितलेला नियम त्यालाही लागू. आणि जुन्या सूत्रातली रंगद्रव्ये, विशेषतः शिशाची, आता सहसा वापरात नाहीत, त्यामुळे त्या क्रमांकावर आज मिळणारा रंग हा मूळ रंगाचा आजच्या द्रव्यांत केलेला अनुवाद असतो. क्रमांकाने कालवलेला डबा ही चांगली सुरुवात आहे. तो थेट फवाऱ्याच्या गनमध्ये भरू नये.

यंत्राचा नमुना ट्यूबलाइटखाली जुळून उजेडात का फसला, त्याचे कारणही यातच आहे. दोन रंग वेगवेगळ्या द्रव्यांनी बनवलेले असले, की एका प्रकाशात ते एकसारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसू शकतात; याला मेटामेरिझम म्हणतात. करड्या रंगांत हा त्रास अधिक, कारण करडा रंग अनेक वाटांनी बनतो. साध्या काळ्याचेच पाहा: पांढऱ्यात मिसळल्यावर लॅम्प ब्लॅक निळसर राखाडी देतो, तर फार बारीक कणांचा कार्बन ब्लॅक तपकिरीकडे झुकतो. यंत्राने चुकीचा काळा निवडला आणि मग तो सावरायला पिवळा-निळा घातला, तर आकडे जुळतील, डोळ्याला पटणार नाही. म्हणून कालवणाऱ्याला शक्य तितकी कमी द्रव्ये वापरायला सांगावे. पांढरा, योग्य काळा, पिवळा ऑक्साइड आणि तांबडा ऑक्साइड यांच्यातच त्या काळचे बहुतेक करडे आणि वाळूसारखे रंग बसतात. मापन करतानाही एकच वाचन घेऊ नका. सपाट, स्वच्छ आणि यंत्राच्या छिद्रापेक्षा मोठ्या जागेवर तीन-चार वाचने घेऊन सरासरी काढा, आणि डी६५ या सुमारे ६,५०० केल्विनच्या प्रमाण दिवसप्रकाशाबरोबरच साध्या पिवळ्या बल्बच्या प्रकाशासाठीही फरकाचा आकडा मागा. दोन्हींत फरक कमी असेल तरच तो नमुना पुढे न्यावा. वॉशरखालची चकती यंत्राला अपुरी पडते. तिच्यासाठी डोळाच वापरावा लागतो.

यानंतर चकाकीचा विषय, आणि यावर मी मुद्दाम थांबतो, कारण छटा बरोबर असूनही केबिन 'नवी-नवी' आणि खोटी दिसते ती चकाकीमुळे. तकतकीत पृष्ठभागावर रंग गडद आणि भरलेला दिसतो. तोच रंग मॅट झाला की पृष्ठभागावर विखुरलेला प्रकाश त्यात मिसळतो आणि तो फिकट, धुरकट वाटतो. जुन्या, खडूसारख्या झालेल्या पत्र्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून पाहा. थेंबाखालचा रंग एकदम दोन पायऱ्या गडद दिसेल. म्हणजे वाळक्या जुन्या पत्र्याशेजारी तकतकीत नमुना धरून केलेली तुलना ही दोन वेगळ्या गोष्टींची तुलना आहे. छटा पाहताना दोन्हींवर पाण्याचा थर द्या किंवा दोन्हींवर एकाच रिळाची पारदर्शक टेप बसवा, म्हणजे चकाकी समान होऊन फक्त छटा उरेल.

चकाकी किती होती हे मात्र घासून पॉलिश केलेल्या वलयावरून कधीच ठरवू नका, कारण ती चकाकी तुम्ही निर्माण केलेली आहे. छटा वलयावरून घ्यावी आणि चकाकी न घासलेल्या, झाकलेल्या जागेवरून. ग्लॉसमीटर, म्हणजे चकाकी मोजणारे यंत्र, मिळत असेल तर साठ अंशांच्या कोनात मोजा. वाचन दहाच्या खाली आले तर पंच्याऐंशी अंशांचा कोन जास्त नेमके सांगतो, अशी एएसटीएम या अमेरिकन प्रमाण-संस्थेच्या डी५२३ या प्रमाणपद्धतीची दिशा आहे. डॅशबोर्डचा माथा आणि दर्शनी उभा भाग यांची चकाकी वेगळी असू शकते, म्हणून दोन्हीकडे स्वतंत्र मोजणी करावी. समोरच्या काचेत पडणारे प्रतिबिंब कमी करण्यासाठी माथा मंद ठेवण्याची पद्धत पुढच्या काळात वाढत गेली. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून चालकाच्या दृष्टिक्षेपातल्या काही चकचकीत धातूच्या भागांवर, म्हणजे हॉर्नची कडी, काचेच्या आतल्या पट्ट्या, आरशाची चौकट यांसारख्यांवर, वीस अंशांच्या कोनात चकाकीच्या ४० एककांची मर्यादाही आली. १९५०च्या दशकातल्या केबिनला पुढच्या काळाची मंद चकाकी देणे ही चूक मी चांगल्या कामांतही पाहिली आहे. त्या वेळच्या अनेक केबिन आपल्या समजुतीपेक्षा जास्त चकाकत असत.

रंगाच्या प्रकाराबद्दल माझे मत स्पष्ट आहे: आतल्या पत्र्यासाठी एकाच टप्प्याचा रंग वापरावा. वर वेगळा क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक, थर दिला की कडांवर आणि दाबलेल्या रेषांत एक काचेसारखी जाडी येते, जी त्या काळच्या पत्र्यावर कधी नव्हती. चकाकी उतरवण्यासाठी मॅटिंग घटक घालताना तो आधी खालपर्यंत ढवळून घ्यावा, वजनाने मोजावा, आणि तो घातल्यावर छटा पुन्हा तपासावी, कारण त्याने गडद रंग जरा फिकट पडतो. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असेल तर साधा मास्क पुरत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणाऱ्या मुखवट्याशिवाय असा फवारा मारू नये, मग काम एका दाराचेच का असेना.

नमुने पत्र्याच्या तुकड्यांवर करावेत, कागदावर नाही, आणि ज्या अस्तरावर, ज्या गनने, जितके हात केबिनला देणार आहात तितकेच हात तिथे द्यावेत. ओल्या रंगावरून निर्णय घेऊ नका. पूर्ण वाळल्यावर छटा आणि चकाकी दोन्ही हलतात. मी शंभर ग्रॅमचा नमुना घेतो, प्रत्येक भर दशांश ग्रॅमपर्यंत मोजतो आणि एका वेळी एकच द्रव्य घालतो. तुलना करताना नमुना मूळ ठिपक्याला कडेला कड लावून धरा, मध्ये फट राहिली की डोळा फसतो. भोवती करड्या पुठ्ठ्याची खिडकी ठेवा, म्हणजे शेजारचे नंतरचे रंग दिसणार नाहीत. पहिल्या चार-पाच सेकंदांत जे जाणवते तेच धरावे, कारण टक लावून पाहिले की कोणतेही दोन करडे सारखे वाटू लागतात. उघड्या आकाशाच्या सावलीत, मग बल्बखाली, आणि शेवटी केबिनमध्ये, काचा बसवलेल्या असताना, डॅशबोर्डच्या खऱ्या कोनात धरून पाहावे. काचेला हिरवी झाक असेल किंवा आसन तांबडे असेल, तर आतला उजेडच बदललेला असतो. मूळ रंगही त्याच उजेडात दिसत होता, म्हणून त्यासाठी सूत्र बदलू नये. फक्त बाहेर जुळलेला नमुना आत का वेगळा भासतो, याने गोंधळून जाऊ नये.

तुमच्या बाबतीत मी असे करेन: ग्लव्ह बॉक्सचे झाकण अर्ध्या भागावर टेप लावून दहा दिवस उजेडात ठेवेन, मीटरमागची जागा फक्त अस्तराचा रंग समजण्यापुरती वापरेन, आणि दाराच्या चौकटीखालची व वॉशरखालची जागा आजच उघडेन. उजेडाने सुधारलेले झाकण आणि वॉशरखालची चकती एकमेकींच्या जवळ येत असतील, तर त्यांच्या मधली छटा धरून तीन नमुने करेन: एक अंदाजाप्रमाणे, एक किंचित निळसर, एक किंचित पिवळसर. दुकानात केलेला डबा फेकायचे कारण नाही. त्यातला पिवळा कमी करता येत नसला, तरी तोच पाया धरून पांढरा आणि लॅम्प ब्लॅक वाढवत नेता येतो.

रंगकाम सुरू करताना एक-दोन मूळ ठिपके टेपने झाकून तसेच ठेवा. रेडिओच्या झाकणपट्टीखालचा पत्रा यासाठी उत्तम, कारण पट्टी बसली की तो कुणाला दिसत नाही. अंतिम नमुन्याच्या मागे सूत्र, द्रव्यांचे वजन, मॅटिंगचे प्रमाण, हातांची संख्या, अस्तराचा रंग आणि तारीख लिहून तो तुकडा वाहनाच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. दाराला ओरखडा जाऊन पाच वर्षांनी पुन्हा तोच रंग कालवण्याची वेळ येते तेव्हा हाच तुकडा कामी येतो, आणि तो बाहेर काढल्यावर पहिले काम म्हणजे त्यालाही दहा दिवस उजेडात ठेवणे.